एक लिटर तेलाचे वजन

किराणा मालाच्या दुकानात दर दोन-चार महिन्यांनी एक प्रसंग ठरलेला असतो. एखादी गृहिणी घरी नेलेली तेलाची पिशवी परत घेऊन येते, ती काट्यावर ठेवते आणि विचारते, "शेठ, ही एक लिटरची पिशवी ना? मग किलोला ऐंशी-नव्वद ग्रॅम कमी कशी?" गल्ल्यावरचा माणूस अनुभवी असेल तर शांतपणे सांगतो, "मावशी, लिटर वेगळा आणि किलो वेगळा. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं." मावशी पिशवी उचलून जातात, समाधानाने जातातच असे नाही.

दुकानदाराचे उत्तर खरे आहे, परंतु अर्धे आहे. एक लिटर पाणी जवळजवळ एक किलो भरते आणि एक लिटर खाद्यतेल साधारण नऊशे दहा ते नऊशे वीस ग्रॅम, एवढे तो सांगतो. उरलेले अर्धे असे की, तो लिटर कोणत्या तापमानाला मोजला यावरही त्याचे वजन अवलंबून असते. सोयाबीन तेलाचा एक लिटर २१ अंश सेल्सिअसला मोजला तर तो ९१९ ग्रॅम भरतो. तेच तेल ६० अंशांपर्यंत तापवून मोजले तर लिटरात ८९२.६ ग्रॅमच मावते. सव्वीस ग्रॅमांहून थोडा अधिक असा हा फरक. तेल सांडले नाही, मुरले नाही, कोणी काढूनही घेतले नाही. मग ते गेले कोठे? वहीखात्यात याचे उत्तर सापडणार नाही. त्यासाठी तेलाच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या हालचालीत डोकवावे लागते.

स्थायू, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था शाळेत पाठ केलेल्या असतात. वीट स्थायू, पाणी द्रव, हवा वायू, एवढे म्हटले की परीक्षेपुरते काम भागते. पण द्रवाला द्रव का म्हणावे, याची कसोटी कोणती? जैन वाचकांना या बाबतीत आपल्याच परंपरेतील एक सुंदर निरीक्षण ठाऊक असायला हवे. आचार्य कुंदकुंदांनी 'नियमसार' या ग्रंथात पुद्गल-स्कंधांचे सहा प्रकार सांगितले. त्यांतील पहिल्या प्रकारात भूमी, पर्वत यांसारख्या वस्तू येतात आणि दुसऱ्या प्रकारात उदाहरणे दिली आहेत ती तूप, पाणी आणि तेल यांची. कुंदकुंदांच्याच 'पंचास्तिकाया'वरील टीकेत आचार्य अमृतचंद्रांनी या दोहोंतील भेद नेमका केला. लाकूड-दगडासारख्या वस्तू छेदल्या तर त्या आपण होऊन पुन्हा सांधत नाहीत. दूध, तूप, तेल, पाणी वेगळे केले तरी आपण होऊन पुन्हा एक होतात. स्वयंपाकघरात उभे राहून कोणीही पडताळून पाहावी अशी ही कसोटी आहे. तेलात पळी फिरवली तर चीर राहत नाही. पाट चिरला तर तो सुताराकडेच न्यावा लागतो.

ही कसोटी का लागू पडते, हे आधुनिक विज्ञान कणांच्या भाषेत सांगते. प्रत्येक पदार्थ अतिसूक्ष्म कणांचा, म्हणजे अणूंचा वा रेणूंचा बनलेला असतो आणि हे कण कधीही स्वस्थ नसतात. स्थायूमध्ये प्रत्येक कणाची जागा शेजाऱ्यांनी घट्ट धरून ठेवलेली असते. तो जागच्या जागी थरथरतो, परंतु जागा सोडत नाही. म्हणून तुटलेल्या कडा जवळ आणल्या तरी कण पलीकडे जाऊन हात मिळवत नाहीत. द्रवातील कणही एकमेकांना लगटून असतात. मात्र त्यांची हालचाल इतकी वाढलेली असते की ते शेजारी बदलत, एकमेकांवरून घसरत राहतात. पळीने पाडलेली फट ते क्षणात भरून काढतात. वायूमध्ये तर कणांनी परस्परांची संगत जवळजवळ सोडलेली असते. ते सुटे धावतात, एकमेकांवर व भांड्याच्या भिंतींवर आदळतात आणि मिळेल तेवढी सगळी जागा व्यापतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काही उत्साही वक्ते अशा ठिकाणी लगेच सांगून टाकतात की, विज्ञानाने आज शोधले ते आगमांत पूर्वीच आलेले आहे. असे म्हणण्यात शास्त्राचाही गौरव नाही आणि विज्ञानाचाही. कुंदकुंदांचे सहा प्रकार हे इंद्रियांना काय आणि कसे जाणवते, यावर उभे आहेत. त्यांत छाया आणि ऊन यांनाही स्थान आहे आणि पाठ्यपुस्तकातील वायूसाठी वेगळा कप्पा नाही. परमाणू म्हणजे ज्याचा पुढे भाग पडत नाही तो, अशी जैन दर्शनाची व्याख्या आहे. रसायनशास्त्रज्ञाचा अणू तसा नाही. त्याच्या आतील इलेक्ट्रॉन १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी दाखवून दिला. दोन्ही शब्द सारखे दिसतात म्हणून वस्तू एकच ठरत नाही. नावसाधर्म्यावरून एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा करणे जसे चालत नाही, तसेच हेही. अमृतचंद्रांचे निरीक्षण मोठे आहे ते त्याच्या स्वतःच्या बळावर. त्याला कोणाच्या शिफारसपत्राची गरज नाही.

कण सतत हलतात हे मानायचे तर त्याला पुरावा काय? या पुराव्याचा इतिहास जीव-अजीव विचारात वाढलेल्या वाचकाला विशेष जवळचा वाटेल. १८२७ साली रॉबर्ट ब्राउन हे स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ 'क्लार्किया पल्चेला' या फुलाचे परागकण पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. परागातून बाहेर पडलेले बारीक कण पाण्यात अखंड थरथरत, इकडून तिकडे हलत असल्याचे त्यांना दिसले. पाणी स्थिर होते, तरीही कण थांबत नव्हते. वनस्पतीच्या प्रजननाशी संबंधित कण असल्यामुळे ही जीवनाचीच खूण असावी, असा तर्क होणे साहजिक होते.

ब्राउन यांचे मोठेपण पुढच्या पायरीत आहे. तर्कावर न थांबता त्यांनी तो तपासला. दीर्घकाळ मद्यार्कात ठेवलेल्या, निश्चितपणे निर्जीव झालेल्या वनस्पतींचे कण त्यांनी घेतले. तेही हलत होते. मग काचेची पूड घेतली, खडकांची पूड घेतली, इजिप्तमधील स्फिंक्सच्या दगडाचा कपचाही कुटून पाहिला. पूड पुरेशी बारीक असली की प्रत्येक वेळी तीच थरथर. ज्यात जीव असण्याची काहीच शक्यता नाही अशा द्रव्यातही गती आहे, एवढे त्यांनी निर्विवाद ठरवले. गती दिसली की जीव आहेच, हे अनुमान तेथे बाद झाले.

ही थरथर कशामुळे होते याचा उलगडा व्हायला मात्र जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. १९०५ साली अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी गणिताने दाखवले की, पाण्याचे अदृश्य रेणू चारही बाजूंनी त्या बारीक कणावर आदळत असतात. एखाद्या क्षणी एका बाजूचे धक्के थोडे जास्त पडतात आणि कण सरकतो. कण ठरावीक वेळात सरासरी किती सरकेल, याचे सूत्रही त्यांनी दिले. १९०८ पासून फ्रान्समधील ज्याँ पेराँ यांनी गॅम्बोज नावाच्या पिवळ्या राळेचे सारख्या आकाराचे सूक्ष्म गोळे तयार केले, त्यांची हालचाल चिकाटीने मोजली आणि सूत्र खरे उतरले. अणू ही केवळ हिशेबाच्या सोयीची कल्पना आहे, असे म्हणणारे तोवर मोठमोठे शास्त्रज्ञ होते. त्यांतील बहुतेकांचे आक्षेप या मोजणीने संपले. पेराँ यांना १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जैन दर्शनात जीव आणि पुद्गल ही दोनच द्रव्ये सक्रिय मानली आहेत. पुद्गल अजीव असूनही गतिमान असू शकतो, ही गोष्ट त्यामुळे या घरांतून आलेल्या विद्यार्थ्याला विचित्र वाटण्याचे कारण नाही. ब्राउन यांचे प्रयोग वर्गात शिकवताना एखाद्या शिक्षकाने हा धागा जोडून दिला, तर मुले तो विसरणार नाहीत.

वायूंच्या बाबतीत मौज वेगळीच आहे. खोलीतील हवेचे रेणू सेकंदाला सरासरी सुमारे पाचशे मीटर वेगाने धावत असतात. हा वेग बंदुकीच्या गोळीच्या पंगतीला बसणारा आहे. असे असेल तर मसाल्याच्या पेढीत हिंगाचा डबा उघडताच त्याचा वास त्याच क्षणी शेवटच्या खणापर्यंत पोहोचला पाहिजे. प्रत्यक्षात डब्याजवळच्या नोकराला तो आधी येतो आणि माडीवर बसलेल्या मुनीमजींना बऱ्याच वेळाने. जर्मन शास्त्रज्ञ रुडोल्फ क्लॉसियस यांनी १८५७ मध्ये वायूंच्या गतीचा सिद्धांत मांडला, तेव्हा हॉलंडमधील हवामानशास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी नेमका असाच आक्षेप घेतला होता. कण इतके वेगवान असतील तर वास पसरायला वेळ का लागतो आणि शांत खोलीत तंबाखूचा धूर थराथराने तरंगत का राहतो? आक्षेप रास्त होता आणि क्लॉसियस यांनी तो टाळला नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी उत्तर दिले. रेणू धावतो खरा, परंतु केसाच्या जाडीच्या शेकडोव्या भागाइतके अंतर जाण्याच्या आतच तो दुसऱ्या रेणूवर आदळतो आणि त्याची दिशा बदलते. एका सेकंदात अशा काही अब्ज टकरी होतात. जत्रेच्या गर्दीत पाय कितीही जोरात उचलले तरी मंदिराचा दरवाजा लवकर येत नाही, तसे हे आहे. माडीवर वास पोहोचतो त्यात हवेच्या झुळुकीचा वाटाच मोठा असतो.

आता पुन्हा तेलाकडे येऊ. तापमान म्हणजे कणांच्या धावपळीचेच माप. तेल तापवले की त्याचे रेणू अधिक जोराने हलू लागतात, एकमेकांना थोडे दूर रेटतात आणि तेवढ्याच रेणूंना जास्त जागा लागते. रेणूंची संख्या तीच राहते, त्यामुळे वजन तेच राहते; आकारमान मात्र वाढते. म्हणून गरम तेलाने भरलेल्या लिटरच्या मापात रेणूच कमी असतात. ते सव्वीस ग्रॅम कोठेही गेले नाहीत. मापात शिरण्याआधीच त्यांना जागा पुरली नाही.

स्थायूही तापल्यावर प्रसरण पावतात, पण त्यांचे कण जागा सोडत नसल्याने ही वाढ फार थोडी असते. शिवाय सोने कोणी वाटीने मोजून घेत नाही. त्यामुळे सराफाला वैशाख आणि पौष यांत फरक करावा लागला नाही. पेट्रोलच्या बाबतीत फरक करावा लागतो. म्हणूनच पंपावर इंधनाची घनता १५ अंशांना किती, हे नोंदवलेले असते. पहाटे पेट्रोल भरले की जास्त मिळते हा समज मात्र सोडून द्यावा. टाकी जमिनीखाली असते आणि तेथे पहाट-दुपारचा फरक फारसा पोहोचत नाही.

तेलाच्या व्यवहारात हा फरक किती मोठा होतो, ते साध्या गुणाकाराने कळते. पंधरा लिटरच्या डब्यात २१ अंशांच्या हिशेबाने १३ किलो ७८५ ग्रॅम सोयाबीन तेल बसते. ६० अंशांच्या हिशेबाने १३ किलो ३८९ ग्रॅम. एका डब्यामागे ३९६ ग्रॅम. हजार डब्यांमागे जवळजवळ चारशे किलो. ही रक्कम ताळेबंदात कोठेही 'तूट' म्हणून दिसत नाही, कारण लिटर पूर्ण भरलेले आहेत.

ही केवळ कागदावरची शक्यता नव्हती. काही उत्पादक वेष्टनावर लिटरच्या आकड्यालगत तापमान छापत आणि ते ६० अंशांपर्यंतही असे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये खाद्यतेलाच्या उत्पादकांना, पॅक करणाऱ्यांना व आयातदारांना सूचना दिली की, परिमाण तापमानाचा उल्लेख न करता द्यावे आणि सोबत वजनही छापावे. वेष्टने बदलून घेण्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत होती. आज पिशवीवर लिटरबरोबर ग्रॅमचा आकडा दिसतो, त्यामागची हकीकत ही अशी आहे. दुकानदाराने मावशींना तोच आकडा बोटाने दाखवावा आणि काट्यावर पडताळून द्यावा. प्लॅस्टिकचे दोन-चार ग्रॅम त्यातून वजा करायला मात्र विसरू नये.

कोणी म्हणेल, तापमान छापलेले होते, लपवले काय? शिवाय घट्ट होणारी काही तेले कोमट केल्याखेरीज यंत्रातून सरळ वाहत नाहीत, हेही खरे आहे. कोमट तेल भरण्यात दोष नाही. दोष येतो तो भरणाऱ्याला कणांचे हे वर्तन ठाऊक असून घेणाऱ्याला ते ठाऊक नसण्याचा लाभ घेण्यात. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील चौथ्याचे नाव 'हीनाधिकमानोन्मान'. हा जोडशब्द व्याख्यानांत अनेकदा घाईने उच्चारून पुढे जातात. वस्तुतः तो थांबून पाहण्यासारखा आहे. आचार्य पूज्यपादांनी 'सर्वार्थसिद्धी'त त्याची फोड केली आहे ती अशी: प्रस्थ वगैरे भांड्यांनी मोजायचे ते मान, आणि तुलेने तोलायचे ते उन्मान. म्हणजे आकारमानाचे माप आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लबाडी दोन्हींत होऊ शकते, हे व्रताच्या नावातच नोंदलेले आहे. तापवलेल्या तेलाच्या लिटरात मान पुरे असते आणि उन्मान उणे पडते. भांडे खोटे नाही, काटाही खोटा नाही, तरी देणाऱ्याच्या हातून कमी गेले. एवढ्या सूक्ष्म ठिकाणी अतिचार कसला, असे वाटणाऱ्याने हजार डब्यांचा हिशेब पुन्हा एकदा करावा. किरकोळ दुकानदाराकडे याचा दोष जात नाही. त्याला पिशवी बंदच मिळते. परंतु तेलाच्या गिरण्या आणि पॅकिंगचे कारखाने चालवणारी घरे समाजात थोडी नाहीत. भरणी लिटरवर न करता वजनावर केली की तापमान कितीही असो, हा प्रश्न उद्भवतच नाही.

अर्थात काटा प्रत्येक मालाला न्याय देतो असेही नाही. कापूर त्याला दाद देत नाही. कापराच्या वडीच्या पृष्ठभागावरील रेणू वितळण्याची वाट न पाहता थेट हवेत निघून जातात. यालाच संप्लवन म्हणतात. झाकण सैल राहिलेली कापराची डबी सहा महिन्यांनी तोलली तर वजनच घटलेले असते. येथे रेणू फक्त दूर सरकलेले नसतात. ते खरोखर निघून गेलेले असतात. डबीत मिरे किंवा लवंगा टाकण्याची रीत घरोघरी आहे, पण खरे काम घट्ट झाकणच करते. हळद, मिरची, गूळ यांतील ओलावा उडून किंवा शोषला जाऊन वजन बदलते, तेही याच जातीचे. बाजारात 'घट' म्हणून जे धरतात, त्याचा मोठा भाग म्हणजे हवेत गेलेले पाण्याचे रेणू. साबणाच्या वेष्टनावर वजनापुढे 'पॅक करतेवेळी' अशा अर्थाचे शब्द वर्षानुवर्षे वाचायला मिळत, तेही याच कारणासाठी.

थंडीत हाच सगळा प्रकार उलट दिशेने चालतो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठू लागते. कणांची धावपळ मंदावते, शेजाऱ्यांची पकड वरचढ ठरते आणि रेणू ओळीने जागा धरून बसतात. तूप हळूहळू थंड झाले तर या ओळींना वाढायला सवड मिळते आणि ते दाणेदार होते. झटकन थंड केले तर दाणा बारीक राहतो. सासूबाईंना हे ठाऊक असते, फक्त त्या रेणूंचे नाव घेत नाहीत. गोठताना तेल आणि तूप आकसतात. पाणी मात्र अपवाद आहे. त्याचे रेणू बर्फात पोकळ जाळी करून बसतात आणि आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. म्हणून शीतकपाटाच्या बर्फाच्या खणात काठोकाठ भरून ठेवलेली पाण्याची काचेची बाटली फुटते.

पौषात एखाद्या सकाळी तेच गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येते. या वेळी हातात खोबरेलाची बाटली असते. आतले तेल पांढरे झालेले, मधोमध खळगा पडलेला. "शेठ, बाटली भरलेलीच नव्हती की काय? आणि पांढरं काय झालंय हे?" शेठ बाटली घेतात, काट्यावर ठेवतात, छापील वजनाशी आकडा ताडून दाखवतात आणि म्हणतात, "मावशी, दुपारी उन्हात ठेवा. संध्याकाळी बघा, खळगा राहणार नाही."